टंकलेले अक्षर कुठे थांबते? लिनक्समधील टर्मिनल आणि सिरियल पोर्टच्या इनपुट बफरची ओळख

सिरियल पोर्टवर, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवर, प्रथमच काम करणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. उपकरण जोडलेले असते, त्यावरचा दिवा लुकलुकत असतो, प्रोग्राम सुरू असतो, आणि तरीही पडद्यावर काहीच उमटत नाही. मग काही वेळाने साठलेला सगळा मजकूर एकदम येऊन पडतो. अशा वेळी नवशिका सर्वांत आधी बॉड दर, म्हणजे पोर्टचा वेग, बदलून पाहतो, मग केबल बदलतो. परंतु बॉड दर चुकला तर सहसा अर्थहीन अक्षरे दिसतात. मजकूर उशिरा येणे, गठ्ठ्याने येणे किंवा ओळ अर्धी तुटून येणे ही बहुधा बफरची, म्हणजे वाटेतल्या तात्पुरत्या साठ्याची, लक्षणे असतात. बाइट हरवलेला नसतो, तो वाटेत कुठेतरी थांबलेला असतो, आणि तो कोणत्या थांब्यावर आहे हे ओळखता आले की निम्मे काम झाले.

असे थांबे चार आहेत. पहिला सिरियल चिपमध्येच असतो आणि तो अगदी लहान असतो. दुसरा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ड्रायव्हरजवळ असतो, जिथे चिपमधून उचललेले बाइट तात्पुरते ठेवले जातात. तिसरा ‘लाइन डिसिप्लिन’ या, आलेल्या बाइटवर ओळीचे नियम लावणाऱ्या कर्नलच्या थराचा असतो, आणि या लेखातील बहुतेक गुंते तिथलेच आहेत. चौथा कर्नलच्या बाहेर, आपल्या प्रोग्रामने वापरलेल्या लायब्ररीत असतो. कीबोर्डवरून टर्मिनलमध्ये टंकलेल्या मजकुराला पहिला थांबा लागत नाही, पण पुढची वाट तीच असते, म्हणून सुरुवात टर्मिनलपासून करणे सोयीचे ठरते. पुढील प्रयोगांसाठी लिनक्स असलेला कोणताही संगणक चालेल. सिरियल भागासाठी एक यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि वायरचा छोटा तुकडा लागेल. आदेशांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, प्रत्यक्षात ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टंकावीत.

पहिली पायरी : साठा प्रत्यक्ष पाहणे

टर्मिनलमध्ये ‘स्लीप १५’ हा आदेश द्यावा, म्हणजे शेल, आपले आदेश वाचून चालवणारा प्रोग्राम, पंधरा सेकंद अडकून राहील. तेवढ्या वेळात ‘डेट’ असे टंकून एंटर दाबावे. हा मजकूर कोणताही प्रोग्राम वाचत नसतानाही अक्षरे पडद्यावर उमटतात, कारण ती उमटवण्याचे काम, म्हणजे ‘एको’, कर्नलचा लाइन डिसिप्लिन थर करतो. पंधरा सेकंद संपल्यावर शेल जागे होते, साठ्यातील ओळ त्याला मिळते आणि तारीख छापली जाते. पडद्यावर ‘डेट’ हा शब्द दोनदा दिसला तर गोंधळू नये. पहिला कर्नलने उमटवलेला असतो आणि दुसरा शेलने ओळ वाचताना पुन्हा दाखवलेला असतो.

एवढ्या साध्या प्रयोगातून एक गोष्ट पक्की होते. टंकणे आणि वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि त्यांच्यामधल्या साठ्याचा मालक प्रोग्राम नसून कर्नल आहे.

दुसरी पायरी : ओळीचा हिशेब

आता ‘कॅट’ (cat) हा, मिळालेला मजकूर जसाच्या तसा परत छापणारा आदेश कोणत्याही फाइलविना चालवावा. काही अक्षरे टंकावीत, बॅकस्पेसने एखादे खोडावे, कंट्रोल-डब्ल्यूने शेवटचा शब्द आणि कंट्रोल-यूने संपूर्ण ओळ पुसून पाहावी. ही सगळी खाडाखोड होत असताना कॅटला तिचा पत्ताही नसतो, कारण एंटर दाबेपर्यंत ओळ कर्नलच्या ताब्यात असते. या पद्धतीला ‘कॅनॉनिकल मोड’ म्हणतात. तिचे मूळ टेलिटाइप यंत्रांच्या, म्हणजे तारेवरून अक्षरे पाठवणाऱ्या आणि कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रांच्या, काळात आहे. १९६३ मध्ये आलेले मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे पाठवत असे, आणि एका संगणकाला अशी अनेक यंत्रे जोडलेली असत. प्रत्येक अक्षरासाठी प्रोग्रामला जागे करण्याऐवजी पूर्ण ओळ झाल्यावरच उठवणे किफायतशीर होते. लिनक्समध्ये टर्मिनलला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात, ते टेलिटाइपचेच संक्षिप्त रूप आहे.

कॅट चालू असतानाच आणखी एक गोष्ट करून पाहावी. तीन-चार अक्षरे टंकून एंटर न दाबता कंट्रोल-डी दाबावे. कॅट संपणार नाही, ती अक्षरे मात्र लगेच परत छापली जातील. आता पुन्हा कंट्रोल-डी दाबल्यावर कॅट संपेल. ‘कंट्रोल-डी म्हणजे फाइलचा शेवट’ असे सरसकट शिकवले जाते, ते अर्धेच खरे आहे. या कळीचा खरा अर्थ ‘आतापर्यंत साठले आहे ते वाचणाऱ्याला देऊन टाक’ असा आहे. साठ्यात काहीच नसेल तर वाचणाऱ्याला शून्य बाइट मिळतात, आणि शून्य बाइट म्हणजे शेवट, असा अर्थ प्रोग्राम लावतो.

मराठी टंकणाऱ्यांसाठी या थराचा एक खास कोपरा आहे. देवनागरीतील प्रत्येक सांकेतिक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट आहेत. बॅकस्पेसने नेमके किती बाइट खोडायचे हे कर्नलला ठाऊक असावे म्हणून ‘आययूटीएफ८’ नावाची एक खूण असते. ती लावलेली असेल तर एका बॅकस्पेसला तीन बाइटचे पूर्ण चिन्ह जाते. नसेल तर एकच बाइट खोडला जातो आणि उरलेल्या दोन बाइटचा कचरा ओळीत राहतो. खूण लावलेली असूनही पडद्यावर गडबड दिसू शकते, कारण कर्नल प्रत्येक चिन्हाला एक रकाना समजून पडद्यावरचा एक रकाना पुसतो, तर काना-वेलांटीला टर्मिनल स्वतंत्र रकाना देईलच असे नाही. अशा वेळी पडद्यावर जास्त अक्षरे गेल्यासारखी दिसतात, साठ्यातील बाइट मात्र बरोबर असतात. एंटर दाबून कॅटने काय परत छापले ते पाहिले की खात्री पटते.

या साठ्याला मर्यादाही आहे. लिनक्समध्ये कॅनॉनिकल मोडमधील एक ओळ शेवटच्या नव्या-ओळीच्या चिन्हासह ४०९६ बाइटची असू शकते. ४०९५ बाइटनंतर एंटर येईपर्यंत जे काही येईल ते कर्नल कोणतीही सूचना न देता टाकून देतो. शुद्ध देवनागरीत ही मर्यादा १३६५ चिन्हांवर येते. एखादी लांबलचक किल्ली किंवा एका ओळीतला मोठा जेसन मजकूर टर्मिनलमध्ये चिकटवल्यावर शेवट कापला गेला, तर दोष चिकटवण्याच्या सोयीचा नसून या मर्यादेचा असतो. असा मजकूर फाइलमधूनच द्यावा.

तिसरी पायरी : ओळीची अट काढून टाकणे

टर्मिनलच्या सगळ्या खुणा ‘एसटीटीवाय’ (stty) या आदेशाने पाहता आणि बदलता येतात. त्याला उणे-ए हा पर्याय दिला की संपूर्ण यादी दिसते. ज्या नावापुढे उणे चिन्ह असेल ती खूण बंद आहे. आता एकाच ओळीत, अर्धविरामाने जोडून, ‘एसटीटीवाय उणे-आयकॅनॉन’ (stty -icanon) आणि ‘कॅट’ हे दोन आदेश द्यावेत. प्रत्येक कळ दाबताच अक्षर दोनदा दिसेल, एकदा कर्नलच्या एकोमुळे आणि एकदा कॅटने छापल्यामुळे. बॅकस्पेस आता खोडणार नाही, आणि कंट्रोल-डीने कॅट संपणारही नाही. बाहेर पडण्यासाठी कंट्रोल-सी वापरावे, कारण ती कळ वेगळ्या खुणेच्या अखत्यारीत येते. शेवटी ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane) असे लिहून सर्व पूर्ववत करावे. टर्मिनल कधी अगदीच बिघडले आणि टंकलेले दिसेनासे झाले, तरी हाच आदेश न दिसता टंकावा. एंटर चालत नसेल तर कंट्रोल-जे दाबावे.

ओळीची अट गेली की एक नवा प्रश्न उभा राहतो. रीड कॉलने, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे बाइट मागण्याच्या क्रियेने, किती बाइट आल्यावर परतायचे आणि किती वेळ वाट पाहायची? याचे उत्तर ‘मिन’ आणि ‘टाइम’ या दोन संख्या देतात. मिन म्हणजे किमान बाइट. टाइम सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजतात आणि तो जास्तीत जास्त २५५, म्हणजे साडेपंचवीस सेकंद, असू शकतो.

मिन १ आणि टाइम ० असेल तर निदान एक बाइट येईपर्यंत रीड कॉल थांबून राहतो. मिन ० आणि टाइम काही असेल तर तेवढा वेळ वाट पाहून, काही न आल्यास तो शून्य घेऊन परततो. दोन्ही शून्य असतील तर तो अजिबात थांबत नाही. येथे एक सापळा आहे : वर सांगितल्याप्रमाणे शून्य बाइट म्हणजे शेवट असे अनेक प्रोग्राम समजतात, म्हणून अशा पोर्टवर कॅट चालवला तर तो सुरू होताच संपतो आणि पोर्ट बंद पडल्याचा भास होतो. दोन्ही संख्या शून्याहून मोठ्या असतील तर टाइमचे घड्याळ पहिला बाइट आल्यानंतरच सुरू होते आणि प्रत्येक नव्या बाइटला पुन्हा शून्यापासून मोजते. म्हणजे ते दोन बाइटमधल्या अंतराचे घड्याळ आहे, एकूण वेळेचे नाही. उपकरणाने काहीच पाठवले नाही तर ते सुरूच होत नाही आणि प्रोग्राम अनंत काळ थांबतो. ‘मी तर टाइमआउट दिला होता’ ही तक्रार मी ज्यांच्याकडून ऐकली आहे, त्यांतल्या बहुतेकांनी हे चौथे जोडपे निवडलेले होते.

चौथी पायरी : सिरियल पोर्ट जोडणे

यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावल्यावर ‘डीमेसेज’ (dmesg) या आदेशाच्या शेवटच्या ओळींत त्याचे नाव दिसते. ते बहुधा टीटीवाय-यूएसबी-० किंवा टीटीवाय-एसीएम-० असे असते. परवानगी नाकारली गेली तर डेबियन आणि उबंटूवर आपले खाते ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉग-इन करावे. त्यानंतर एसटीटीवायला उणे-मोठा-एफ या पर्यायाने पोर्टचा मार्ग देऊन त्याच्या खुणा पाहाव्यात. नवशिक्यांना येथे आश्चर्य वाटते, कारण ताज्या पोर्टवर टर्मिनलच्याच खुणा लावलेल्या आढळतात : कॅनॉनिकल मोड चालू, एको चालू आणि दर बहुधा ९६०० बॉड. पलीकडे माणूस नसून यंत्र आहे याची कर्नलला कल्पना नसते. पलीकडे कोणीतरी टेलिटाइपवर बसले आहे, असे गृहीत धरूनच तो वागतो.

या गृहीतकाचा परिणाम पाहण्यासाठी अडॅप्टरचे टीएक्स (पाठवणारा) आणि आरएक्स (घेणारा) हे दोन पाय वायरच्या तुकड्याने जोडावेत. एका खिडकीत पोर्टवर कॅट चालवावा आणि दुसऱ्या खिडकीतून ‘एको’ आदेशाने एक छोटा शब्द पोर्टकडे पाठवावा. तो शब्द पुन्हा पुन्हा छापला जाईल आणि त्याच्या भोवती रिकाम्या ओळींचा पूर येईल. पोर्टवरून आलेले प्रत्येक अक्षर कर्नल शिष्टाचार म्हणून परत पाठवतो, ते वायरमधून पुन्हा येते, आणि तो पुन्हा पाठवतो. रिकाम्या ओळी वाढत जाण्याचे कारण आणखी गमतीचे आहे : नवी-ओळ पाठवताना कर्नल तिच्याआधी कॅरिज रिटर्न जोडतो, आणि परत आलेल्या कॅरिज रिटर्नचीही तो नवी-ओळ करतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत एकीच्या दोन होतात. प्रत्यक्षात वायरच्या जागी वजनकाटा किंवा मोडेम असतो. त्याने पाठवलेले उत्तर त्यालाच आदेश म्हणून परत जाते, त्यावर तो चुकीचा संदेश पाठवतो, आणि तोही संदेश त्याच्याकडे परत जातो.

म्हणून पोर्ट वापरण्यापूर्वी एसटीटीवायने ‘रॉ’ (ओळीची अट आणि अक्षरांतील फेरफार बंद करणारा मोड), ‘उणे-एको’ आणि योग्य बॉड दर या तीन गोष्टी एकदम द्याव्यात. वरचाच प्रयोग पुन्हा केल्यास शब्द एकदाच येईल. पायथनमधील पायसिरियल ही लायब्ररी पोर्ट उघडताना या खुणा स्वतःच बदलते, त्यामुळे तिथे ही अडचण जाणवत नाही. सी भाषेत किंवा शेलमध्ये ती जबाबदारी आपली असते.

सर्वच ठिकाणी रॉ मोड हवा असे मात्र नाही. जीपीएस मॉड्यूल कॅरिज रिटर्न आणि नवी-ओळ या जोडीने संपणारी वाक्ये पाठवते. तेथे कॅनॉनिकल मोड ठेवला तर कर्नलच पूर्ण वाक्य हातात देतो. फक्त एको बंद करावा आणि कॅरिज रिटर्न दुर्लक्षित करणारी ‘इग्न-सीआर’ ही खूण लावावी, नाहीतर प्रत्येक वाक्यानंतर एक रिकामी ओळ मिळत राहते.

पाचवी पायरी : रीड कॉल म्हणजे संदेश नव्हे

रॉ मोडमध्ये वीस बाइटचा संदेश एका रीड कॉलमध्ये वीस बाइट म्हणूनच येईल, याची कोणतीही हमी नाही. आधी सात, मग बारा, मग एक असे तो येऊ शकतो, किंवा दोन संदेश चिकटूनही येऊ शकतात. तार फक्त बाइटचा प्रवाह जाणते. संदेशाची हद्द आपल्याला ठरवावी लागते. त्यासाठी शेवटचे ठरावीक चिन्ह शोधावे किंवा सुरुवातीला लांबी वाचून तेवढे बाइट जमा होईपर्यंत आपल्या स्वतःच्या साठ्यात भर घालत राहावे. प्रयोगशाळेत चालणारा आणि कारखान्यात अधूनमधून चुकणारा प्रोग्राम बहुधा याच जागी कच्चा असतो.

मधल्या शांततेवरून हद्द ओळखण्याचा मोह मात्र टाळावा. मॉडबस आरटीयू या औद्योगिक उपकरणांच्या संदेश-नियमावलीत साडेतीन अक्षरांइतकी शांतता म्हणजे संदेशाचा शेवट, असे ठरलेले आहे. ९६०० बॉडला ती सुमारे चार मिलीसेकंद होते, आणि टाइम या संख्येचे सर्वांत लहान माप शंभर मिलीसेकंद आहे. उत्तराची अपेक्षित लांबी आणि शेवटचा सीआरसी, म्हणजे चूक ओळखण्याचा आकडा, यांवर विसंबणे अधिक सुरक्षित असते.

सहावी पायरी : खालच्या थांब्यांचे गणित

एका बाइटसाठी सुरुवातीचा एक, माहितीचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट जातात. म्हणून ११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला ११५२० बाइट, आणि एका बाइटला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. जुन्या ८२५० चिपमध्ये आलेल्या एकाच बाइटची जागा होती. प्रोसेसरने तो वेळेत उचलला नाही तर पुढचा त्याच्यावर येऊन पडे. १६५५०ए या चिपमध्ये सोळा बाइटची रांग आली. चौदावा बाइट आल्यावर इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत, द्यावा असे ठरवले, तर बाइट हरवण्यापूर्वी कर्नलला साधारण पाव मिलीसेकंद मिळतो. पीसीच्या मूळ सिरियल पोर्टवर असे काही हरवले असेल तर ‘प्रॉक’ फाइलप्रणालीतील ‘टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल’ ही फाइल पाहावी. तिच्यात त्या पोर्टच्या ओळीत ‘ओई’ या नावाने अशा ओव्हररनची संख्या दिसते. दर चुकल्याचे लक्षण ‘एफई’ या शेजारच्या आकड्यात दिसते.

यूएसबी अडॅप्टरचे दुखणे वेगळे असते, तेथे उशीर होतो. एफटीडीआय चिप प्रत्येक बाइट लगेच न पाठवता पाकीट भरण्याची वाट पाहते, आणि ते भरले नाही तर ठरावीक वेळेनंतर आहे तेवढे पाठवते. हा वेळ मुळात सोळा मिलीसेकंद असतो. लहान प्रश्न आणि लहान उत्तर अशी देवघेव असेल तर प्रत्येक फेरीत तो भरावा लागतो आणि बॉड दर कितीही वाढवला तरी वेग वाढत नाही. लिनक्समध्ये ‘सिस’ फाइलप्रणालीत त्या पोर्टच्या नावाखाली ‘लेटन्सी टाइमर’ ही फाइल असते. तिच्यात १ लिहिल्यास ही प्रतीक्षा एक मिलीसेकंदावर येते.

प्रोग्राम वाचण्यात मागे पडला तर लाइन डिसिप्लिनची ४०९६ बाइटची जागा ११५२०० बॉडला सुमारे ०.३६ सेकंदांत भरते. त्यामागे ड्रायव्हरचा साठा काही काळ तग धरतो, नंतर बाइट टाकले जातात. पाठवणाऱ्याला थांबवायचे असेल तर आरटीएस-सीटीएस या, ‘पाठव’ किंवा ‘थांब’ सांगणाऱ्या तारांचा फ्लो कंट्रोल हाच खरा उपाय आहे. नुसत्या तीन तारांच्या जोडणीत तो लावू नये, कारण सीटीएस कधीच न आल्याने आपले पाठवणेच अडून राहते. दुसरा प्रकार १७ आणि १९ या अंकांच्या अक्षरांनी ‘चालू’ आणि ‘थांब’ सांगतो. मजकुरासाठी तो ठीक आहे, परंतु बायनरी माहितीत हेच अंक आले तर कर्नल ते गिळतो. टर्मिनलमध्ये चुकून कंट्रोल-एस दाबल्यावर सगळे गोठते ते याच प्रकारामुळे. कंट्रोल-क्यूने ते सुटते.

सातवी पायरी : शिळे बाइट आणि प्रोग्रामचा स्वतःचा साठा

उपकरणाला नवा प्रश्न विचारण्याआधी साठ्यातील जुने उत्तर काढून टाकावे, नाहीतर या वेळच्या प्रश्नाला मागच्या वेळचे उत्तर जोडले जाते आणि ती चूक पुढे एकेका पावलाने चालत राहते. सी भाषेत ‘टीसीफ्लश’ आणि पायसिरियलमध्ये ‘रीसेट इनपुट बफर’ हे काम करते. मात्र ते कर्नलमध्ये पोहोचलेलेच बाइट टाकू शकते. तारेवर किंवा यूएसबीच्या वाटेवर असलेले बाइट नंतर येतातच. अर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पोर्ट उघडताच रीसेट होतो, म्हणून उघडल्यावर दोनेक सेकंद थांबून मगच साठा रिकामा करावा. त्याचा स्वतःचा येणारा साठा ६४ बाइटचाच असतो, त्यामुळे त्याच्याकडे मोठा मजकूर एका दमात ढकलू नये.

आता चौथा थांबा. सी भाषेतील ‘एफगेट्स’सारखी फंक्शने एका रीड कॉलमध्ये मिळेल तेवढे उचलून स्वतःजवळ ठेवतात. त्यांच्यासोबत ‘सिलेक्ट’ हा, वाचण्यासारखे काही आले आहे का ते विचारणारा कॉल वापरला तर तो ‘वाचण्यासारखे काही नाही’ असे सांगतो, कारण तो फक्त कर्नलच्या साठ्यात डोकावतो आणि ओळ तर आधीच लायब्ररीच्या खिशात गेलेली असते. सिलेक्ट वापरायचा असेल तर वाचनही साध्या रीड कॉलनेच करावे.

सुरुवातीला सांगितलेली तक्रार, म्हणजे मजकूर गठ्ठ्याने येणे, ही पुष्कळदा पोर्टशी संबंधितच नसते. पोर्टवरचा कॅट, त्यापुढे पाइपने जोडलेला, हव्या त्या ओळी निवडणारा ग्रेप (grep) आणि त्यापुढे फाइलमध्ये लिहिणारा टी (tee), अशी साखळी केली की ग्रेपचे आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपकडे जाते. आउटपुट टर्मिनलकडे असेल तर सीची लायब्ररी ओळ संपताच ते सोडते. पाइपकडे किंवा फाइलकडे असेल तर हजारो बाइट साठेपर्यंत धरून ठेवते. मिनिटाला एक ओळ पाठवणाऱ्या तापमापकासाठी याचा अर्थ तासाभराहून अधिक शांतता असा होऊ शकतो. ग्रेपला ‘लाइन-बफर्ड’ हा पर्याय द्यावा. अशी सोय नसलेल्या प्रोग्रामपुढे, तो सीच्या लायब्ररीचाच साठा वापरत असेल तर, ‘एसटीडीबफ’ हा आदेश उणे-ओ-मोठा-एल या पर्यायासह लावावा, म्हणजे प्रत्येक ओळ उपकरणाने पाठवताच फाइलमध्ये दिसू लागते.